डिक कायदा १९०३: कवायतीचे पैसे ज्याचे, पलटण त्याची

आपल्याकडे फौज म्हटलं की थेट दिल्ली. राज्य सरकारकडे फार तर एसआरपीएफ, आणि ते शेवटी पोलीसच. टेरिटोरियल आर्मीत नोकरीधंदा सांभाळून वर्दी घालणारे लोक असतात, कोल्हापूरला मराठा लाइट इन्फन्ट्रीची टीए बटालियन पण आहे, पण तीसुद्धा १९४८ च्या केंद्रीय कायद्याखाली, मंत्रालयाचा तिच्याशी काही संबंध नाही. म्हणून अमेरिकेत प्रत्येक राज्याची स्वतःची फौज असते, तिला नॅशनल गार्ड म्हणतात आणि एरवी तिचा प्रमुख राज्याचा गव्हर्नर असतो, हे पहिल्यांदा वाचलं की जरा चक्रावायला होतं. आणि हा गव्हर्नर म्हणजे आपल्या राज्यपालांसारखा वरून नेमलेला नाही बरं का, लोकांनी निवडून दिलेला, म्हणजे कामाच्या हिशोबानं आपला मुख्यमंत्रीच.

आता प्रश्न असा की दुकानात, बँकेत, शेतावर काम करणारी माणसं, संध्याकाळी दोन तास कवायत करणारी, ती खऱ्या युद्धाला लायक कशी करायची? अमेरिकेनं १९०३ मध्ये यासाठी एक कायदा केला, लोक त्याला डिक कायदा म्हणतात. मला हे प्रकरण इंटरेस्टिंग वाटतं कारण घटनेतला एक शब्दही न बदलता, फक्त ट्रेनिंगच्या अटी आणि त्यासाठीचा पैसा एवढ्या दोन गोष्टींच्या जोरावर राज्यांची फौज हळूहळू केंद्राची होत गेली, आणि गंमत म्हणजे राज्यांनी आणि खुद्द गार्डवाल्यांनीच ते मागून घेतलं.

आधी काय होतं

८ मे १७९२ ला अमेरिकी काँग्रेसनं, म्हणजे त्यांच्या संसदेनं, मिलिशिया कायदा केला. मिलिशिया म्हणजे गरज पडली की वर्दी चढवणाऱ्या साध्या नागरिकांची फौज. १८ ते ४५ वयाचा प्रत्येक धडधाकट, स्वतंत्र, गोरा पुरुष मिलिशियाचा सदस्य. त्यानं सहा महिन्यांच्या आत चांगली बंदूक, संगीन, ठिणगी पाडायला चकमकीचे दोन जादा दगड, पाठीवरची पिशवी आणि किमान २४ काडतुसांची पेटी हे सगळं स्वतःच्या खर्चानं जमवायचं. नाही जमवलं तर? केंद्राच्या कायद्यात त्याला शिक्षाच नव्हती, ते राज्यांनी बघायचं, आणि राज्यांनी कधी बघितलं कधी नाही. वर्षातून एकदा सगळ्यांना गोळा करून मोजणी व्हायची तिला पुढं पुढं गावच्या जत्रेची कळा आली, पिणं जास्त आणि कवायत कमी.

घटनेत वाटणी अशी होती की मिलिशियाची रचना, शस्त्रं आणि शिस्तीचे नियम काँग्रेसनं ठरवायचे, पण अधिकारी नेमणं आणि त्या नियमांप्रमाणे प्रत्यक्ष ट्रेनिंग देणं हे राज्यांकडे. आणि केंद्र ही फौज फक्त तीन कामांसाठी बोलावू शकत होतं, कायद्याची अंमलबजावणी, बंड मोडणं आणि आक्रमण परतवणं. परदेशात जाऊन लढणं या तिन्हीत कुठंच बसत नाही. ब्रिटनशी युद्ध चालू असताना १८१२ च्या ऑक्टोबरमध्ये क्वीन्स्टन हाइट्सला न्यूयॉर्कची मिलिशिया नायगारा नदीच्या काठाशी थांबली, पलीकडे कॅनडात आपलेच लोक मार खातायत हे दिसत असूनही बऱ्याच जणांनी नदी ओलांडायला नकार दिला, आणि कागदावर त्यांचं म्हणणं चूक नव्हतं.

पैशाचं तर विचारूच नका. १८०८ पासून केंद्र सगळ्या राज्यांना मिळून वर्षाला २ लाख डॉलर द्यायचं, ते १८८७ ला ४ लाख केले. मधल्या काळात देश किती वाढला, एक आख्खं यादवी युद्ध होऊन गेलं, पण रक्कम जवळजवळ ऐंशी वर्षं तिथंच.

१८७७ च्या रेल्वे संपानंतर मात्र चित्र थोडं पालटलं. संप मोडायला गव्हर्नरांना हाताशी पलटण हवी होती, व्यापाऱ्यांना पण हवी होती, मग शहरांत किल्ल्यासारख्या दणकट आर्मऱ्या, म्हणजे हत्यारं ठेवायच्या आणि कवायतीच्या इमारती, उभ्या राहिल्या, आणि राज्यांच्या मिलिशियातल्या या पलटणींना नॅशनल गार्ड हे नाव सगळीकडे रुजलं. कामगार संघटनांचा गार्डवर राग तेव्हापासूनचा. म्हणजे युद्धाची तयारी म्हणून जे वाढलं असं आपल्याला वाटतं ते मुळात गिरणी-रेल्वेच्या गेटवर उभं राहण्यासाठी वाढलं होतं, आणि याचा ट्रेनिंगवर परिणाम होतोच. गर्दी पांगवायला रांगेत चालता आलं तरी पुरतं, दोन हजार माणसं महिनाभर तंबूत निरोगी ठेवायला ते पुरत नाही.

१८९८: सगळं उघडं पडलं

एप्रिल १८९८ मध्ये स्पेनशी युद्ध लागलं. खडी फौज, म्हणजे केंद्राची कायमची पगारी फौज, होती २८ हजारांच्या आसपास, राज्यांच्या गार्डमध्ये मिळून लाखभर माणसं. लढायचं होतं क्युबात. म्हणजे परत तीच कायदेशीर अडचण, मिलिशिया बाहेर नेता येत नाही. तोडगा असा काढला की गार्डच्या तुकड्यांनी अख्ख्याच्या अख्ख्या ‘स्वयंसेवक’ म्हणून नाव नोंदवायचं. बहुतेकांनी नोंदवलं, पण न्यूयॉर्कच्या नामांकित सातव्या रेजिमेंटनं तसं जायला नकार दिला. जे आले त्यातले कित्येक जण मेडिकलमध्येच उडाले, त्यांच्या जागी अगदी नवखे भरले, त्यामुळे नाव जुन्या रेजिमेंटचं आणि आतली बरीचशी माणसं कालपरवा वर्दी चढवलेली असा प्रकार झाला.

हत्यारांची कथा त्याहून वाईट. खड्या फौजेकडे क्रॅग रायफल होती, धूर न करणारी. गार्डकडे जुनी स्प्रिंगफील्ड, काळ्या दारूची, बार काढला की पांढऱ्या धुराचा ढग. समोर स्पॅनिश सैनिक बिनधुराची माउझर रायफल घेऊन. १ जुलैला एल कॅनीच्या लढाईत दुसरी मॅसॅच्युसेट्स रेजिमेंट गोळीबार करायला लागली की तिचा धूरच शत्रूला नेम दाखवायचा, शेवटी तिला फळीतून मागं घ्यावं लागलं. त्याच दिवशी सॅन हुआनच्या वाटेवर ७१ वी न्यूयॉर्क गोळीबाराखाली अडखळली, आणि तिच्यावर नंतर वर्षानुवर्षं टीका झाली. मला त्या पोरांची बाजू घ्यावीशी वाटते, ज्याला हत्यार जुनं दिलं आणि सराव मोजून दिला त्याच्याकडून ऐन वेळी करारीपणा मागायचा हा अन्यायच आहे.

पण खरे बळी लढाईत गेलेच नाहीत. लढाईत मेलेले चारशेच्या आत. छावण्यांत रोगानं मेलेले त्याच्या कितीतरी पट. जॉर्जियातल्या चिकामॉगाच्या रानात कॅम्प थॉमस होता, तिथं हजारो स्वयंसेवक कोंबले होते, संडासाचे खड्डे उथळ, पाऊस आला की ओसंडायचे, माशा स्वयंपाकाच्या तंबूत. फौजेतले डॉक्टर वॉल्टर रीड यांच्या मंडळानं नंतर हिशोब मांडला तो असा की तपासलेल्या रेजिमेंटांतल्या सुमारे १ लाख ८ हजार सैनिकांत टायफॉइडच्या २०,७३८ केस आणि १,५९० मृत्यू. पाचातला एक माणूस आजारी, तोही मायदेशातल्या छावणीत, शत्रू न बघता!

इथं थांबून एक सांगतो, कारण ‘ट्रेनिंग’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर नेमबाजी येते. खड्डा किती खोल खणायचा, तो रोज मातीनं कसा झाकायचा, पाणी उकळल्याशिवाय प्यायचं नाही, आणि हे न करणाऱ्या शेजारच्या पोराला, जो गावी आपला गिऱ्हाईक आहे, त्याला अधिकाऱ्यानं दरडावायचं कसं, हे सगळं ट्रेनिंग आहे. गार्डमध्ये बऱ्याच ठिकाणी अधिकारी सैनिकांनीच निवडून दिलेले असायचे. त्यानं कडक वागायचं कुणाच्या जिवावर?

रूट आणि डिक

या गोंधळात युद्धमंत्री अल्जर यांना १८९९ ला जावं लागलं आणि त्यांच्या जागी आले एलिहू रूट. न्यूयॉर्कचे कंपन्यांचे वकील, फौजेचा अनुभव शून्य. मला विचाराल तर या प्रकरणातला सगळ्यात धूर्त माणूस हाच. त्यांना दिसलं की राज्यांच्या हातून गार्ड सरळ काढून घ्यायचं म्हटलं तर घटना आडवी येणार आणि त्याआधी काँग्रेसमधले राज्यवाले आडवे येणार. म्हणून त्यांनी काढून घेण्याची भाषाच केली नाही, देण्याची केली.

दुसऱ्या बाजूला होते ओहायोच्या ऍक्रनचे चार्ल्स डिक, काँग्रेसचे सदस्य, मिलिशिया समितीचे अध्यक्ष, आणि स्वतः ओहायो गार्डचे अधिकारी, १८९८ ला आठव्या ओहायो रेजिमेंटबरोबर क्युबाला जाऊन आलेले. त्याशिवाय गार्डवाल्यांच्या नॅशनल गार्ड असोसिएशनचे पुढारी. म्हणजे बिल मांडणारा, बिलावर चर्चा घेणारा आणि बिलाचा फायदा मिळणाऱ्यांचा नेता हे तिन्ही एकच गृहस्थ! आजच्या भाषेत लॉबिंग. पण एक मानायला पाहिजे, टायफॉइडच्या छावण्या आणि काळ्या दारूचा धूर त्यांना कागदावरून कळलेला नव्हता.

राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट तर क्युबात स्वतः लढलेले. डिसेंबर १९०१ च्या संदेशात त्यांनी सरळ लिहिलं की आपला मिलिशिया कायदा कालबाह्य आणि कुचकामी आहे. रूट यांना याशिवाय १ लाखाची वेगळी केंद्रीय राखीव फौज पण हवी होती, ते कलम सिनेटमध्ये गळलं. गार्डवाल्यांना असला प्रतिस्पर्धी नकोच होता.

२१ जानेवारी १९०३ ला कायदा झाला. आता त्यात काय होतं ते नीट बघू, कारण पुढची शंभर वर्षं यातूनच निघतात.

मिलिशियाचे दोन भाग केले. एक संघटित, म्हणजे नॅशनल गार्ड, आणि दुसरा राखीव, म्हणजे बाकी सगळे १८ ते ४५ चे पुरुष, जे फक्त नावापुरते. १७९२ पासून जी कल्पना होती की प्रत्येक नागरिक सैनिक, ती इथं गुपचूप पुरली, तोंडानं कुणी तसं म्हटलं नाही.

मग गार्डला सांगितलं की पाच वर्षांच्या आत तुमची रचना, हत्यारं आणि शिस्त खड्या फौजेसारखी झाली पाहिजे. हत्यारं आणि सामान केंद्र फुकट देईल. खड्या फौजेचे अधिकारी तपासणीला येतील, गव्हर्नरनं मागितले तर शिकवायला पण राहतील. गार्डच्या अधिकाऱ्यांना फौजेच्या शाळांत जाता येईल. खड्या फौजेबरोबर मोठ्या सरावाला गेलात तर पगार फौजेच्याच दरानं, केंद्राकडून.

आणि या सगळ्याच्या बदल्यात अट अशी की प्रत्येक कंपनीनं वर्षातून किमान २४ वेळा कवायत किंवा नेमबाजीसाठी जमायचं, सलग किमान ५ दिवस कॅम्प किंवा सरावाची कूच करायची, आणि तपासणी करून घ्यायची. हे झालं नाही तर त्या राज्याला पैसा आणि सामान नाही.

बास, एवढंच. घटनेनं ट्रेनिंगचा अधिकार राज्याला दिलेला आहे तो दिलेलाच राहिला, गव्हर्नरनं मनात आणलं तर २४ च्या जागी १० कवायती ठेवायला त्याला कोणीच अडवत नव्हतं, फक्त मग रायफली, तंबू, बूट सगळं राज्याच्या तिजोरीतून. कुठलं राज्य हे करेल? कुणीच केलं नाही.

केंद्राला काय मिळालं? बोलावल्यावर यायलाच पाहिजे हे पक्कं झालं, पण ९ महिन्यांपुरतंच आणि देशाच्या आतच. त्यामुळे त्या दिवशी बघणाऱ्याला वाटलं असेल की राज्यांनी बाजी मारली, सामान फुकट आणि बंधन जुजबी.

पाच वर्षांत झालं किती

खरं सांगायचं तर मुदतीत झालं नाही. १९०८ उजाडलं तरी कित्येक राज्यांची रचना फौजेसारखी झालेली नव्हती, सगळ्यांना पायदळच ठेवायचं होतं, तोफखाना महाग, घोडदळ महाग, सिग्नल आणि मेडिकल तुकड्यांत कुणाला रस नाही. मुदत १९१० पर्यंत वाढवली.

त्यात मूळ दुखणं म्हणजे आर्मरीतल्या संध्याकाळच्या कवायतीला केंद्राकडून दमडी मिळत नव्हती. कॅम्प आणि संयुक्त सरावाला पगार, पण वर्षभरातल्या त्या २४ संध्याकाळी फुकट. दिवसभर दहा तास काम केलेला माणूस थंडीत आर्मरीत येऊन फुकट कवायत किती वर्षं करणार? माणसं यायची, सोडून जायची, परत नवीन, परत पहिल्या धड्यापासून. तपासणीला आलेले फौजेचे अधिकारी मग नाकं मुरडायचे, गार्डवाले म्हणायचे तुम्हाला आमचं आयुष्य काय कळणार, आणि हे भांडण आजतागायत मिटलेलं नाही. संयुक्त सराव मात्र सुरू झाले, १९०४ ला मनासासला, जुन्या रणांगणाजवळ, मोठा सराव झाला आणि तिथं दुकानदार कॅप्टन आणि वेस्ट पॉइंटवाला, म्हणजे फौजेच्या अकादमीत शिकलेला, कॅप्टन एकाच चिखलात चालले. मला वाटतं कायद्याचा पहिला खरा फायदा हाच, तपासणीच्या फॉर्मपेक्षा.

१९०८ ला दुरुस्ती आली. ९ महिन्यांची मर्यादा काढली, आणि देशाबाहेरही पाठवता येईल असं लिहिलं. त्या बदल्यात गार्डवाल्यांनी वचन घेतलं की युद्ध झालं तर स्वयंसेवक उभे करण्याआधी आम्हाला बोलवायचं. म्हणजे बघा, परदेशात जाण्याचं बंधन गार्डवाल्यांनी स्वतःहून गळ्यात घेतलं, कारण त्यांना भीती अशी होती की आपण बाहेर जाऊ शकत नसलो तर केंद्र दुसरी राखीव फौज उभी करेल आणि आपला पैसा बंद होईल. आणि त्यांची भीती काही खोटी नव्हती.

१९१२ ला ऍटर्नी जनरल, म्हणजे केंद्र सरकारचे मुख्य कायदा सल्लागार, विकरशॅम यांनी मत दिलं की कायद्यात काहीही लिहा, घटनेतली ती तीन कामं सोडून मिलिशिया बाहेर नेता येणार नाही. सगळं मुसळ केरात! मग १९१५ ला युद्धमंत्री गॅरिसन यांनी ४ लाखांची ‘कॉन्टिनेंटल आर्मी’ नावाची केंद्रीय राखीव फौज काढायची योजना आणली, गार्डवाल्यांनी आणि काँग्रेसमधल्या त्यांच्या मित्रांनी ती पाडली, अध्यक्ष विल्सन यांनी पण हात काढून घेतला, गॅरिसन यांनी फेब्रुवारी १९१६ मध्ये राजीनामा दिला.

आणि ३ जून १९१६ ला नॅशनल डिफेन्स ॲक्ट आला. इथं डिक कायद्याचं काम पुरं झालं असं मी मानतो. कवायती २४ वरून ४८, कॅम्प ५ दिवसांवरून १५ दिवस, आणि कवायतीला पगार. शेवटी एकदाचा! पण त्याबरोबर प्रत्येक गार्डवाल्यानं दोन शपथा घ्यायच्या, राज्याची आणि केंद्राची. अधिकाऱ्याची नेमणूक राज्याची, पण तो लायक आहे का हे ठरवायचे निकष केंद्राचे. युद्ध झालं तर काँग्रेसच्या परवानगीनं गार्डवाल्यांना मिलिशिया म्हणून न बोलावता सरळ केंद्रीय सैन्यात ड्राफ्ट, म्हणजे सक्तीनं भरती, करायचं, म्हणजे विकरशॅम यांच्या मताला वळसा. (आज ‘महिन्यातून एक वीकेंड, वर्षातून दोन आठवडे’ असं जे गार्डबद्दल म्हणतात ना ते हेच, ४८ कवायती म्हणजे दर महिन्याला ४, एका वीकेंडला बसवलेल्या.)

परीक्षा लगेच झाली

मार्च १९१६ मध्ये मेक्सिकोतला बंडखोर नेता पांचो व्हिया याच्या माणसांनी न्यू मेक्सिकोतल्या कोलंबस गावावर हल्ला केला. मे मध्ये टेक्सस, ऍरिझोना, न्यू मेक्सिकोचं गार्ड बोलावलं, १८ जूनला बाकी राज्यांचं. नव्या कायद्याला जेमतेम पंधरवडा झालेला. उन्हाळा संपेपर्यंत लाखाहून जास्त गार्डवाले मेक्सिको सीमेवर पोचले. मेडिकलमध्ये परत भरपूर गळती, परत नवखे भरले, उत्तरेतल्या पोरांना लोकरीच्या वर्दीत टेक्ससच्या उन्हात उभं केलं, घरी बायकापोरांच्या खर्चाची ओरड वेगळी. पेपरांत टीका झाली.

पण १८९८ शी तुलना करा. हत्यारं एकसारखी होती, टायफॉइडची लस दिलेली होती आणि छावण्या स्वच्छ होत्या, त्यामुळे चिकामॉगासारखं काही झालं नाही. आणि लढाई न होता कित्येक महिने मोठ्या तुकड्यांत राहायची, चालायची, पुरवठा सांभाळायची सवय झाली. १९१७ ला जर्मनीविरुद्ध युद्ध जाहीर झालं, ५ ऑगस्टला सगळं गार्ड केंद्रीय सेवेत ड्राफ्ट केलं, आणि फ्रान्सला गेलेल्या अमेरिकी डिव्हिजनांपैकी ढोबळ मानानं पाचातल्या दोन गार्डच्या होत्या. ४२ वी ‘रेनबो’ डिव्हिजन तर २६ राज्यं आणि राजधानीच्या तुकड्या मिळून बनवली होती.

कायदा यशस्वी झाला का? युद्धतयारीच्या मापानं हो, पण हळू, आणि ज्या गोष्टीला पैसा दिला तेवढीच सुधारली. तोफखान्याला पैसा उशिरा आला, तोफखाना उशिरा सुधारला. संध्याकाळच्या कवायतीला १३ वर्षं पैसा नव्हता, १३ वर्षं माणसं टिकली नाहीत. एवढं साधं आहे हे. आणि श्रेय सगळं कायद्याला देणं पण बरोबर नाही, टायफॉइडची लस ही डॉक्टरांची कमाई, डिकसाहेबांची नाही.

एक गोष्ट या कायद्यानं केलीच नाही. कोणाला भरती करायचं हे राज्यांकडेच राहिलं, आणि दक्षिणेतल्या राज्यांनी आपल्या कृष्णवर्णीयांच्या तुकड्या याच काळात गुंडाळल्या. इलिनॉयची आठवी रेजिमेंट, जिचे अधिकारीसुद्धा कृष्णवर्णीय होते, आणि हार्लेमची १५ वी न्यूयॉर्क, जी पुढं ३६९ वी म्हणून फ्रेंच सैन्याखाली लढून नाव कमावून आली, या उत्तरेतल्या अपवाद. कवायती किती घ्यायच्या ते मोजणारं केंद्र याकडे मात्र बघत नव्हतं. तपासणीच्या फॉर्मवर तो रकानाच नव्हता म्हणा.

बिल कुणाच्या नावावर फाटलं

आता राज्यांनी काय गमावलं ते बघा, ते कळायला बराच काळ जावा लागला.

१९३३ ला दुरुस्ती होऊन प्रत्येक गार्डवाला एकाच वेळी दोन संस्थांत भरती झाला, राज्याचं नॅशनल गार्ड आणि अमेरिकेचं नॅशनल गार्ड. १९५७ ला नव्या भरतीला थेट फौजेच्या केंद्रात सहा महिने ट्रेनिंग सक्तीचं झालं, म्हणजे गावच्या आर्मरीत घडणारा सैनिक संपला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अर्कान्सास राज्यातल्या लिटल रॉकला काय झालं ते बघण्यासारखं आहे. गव्हर्नर फॉबस यांनी अर्कान्सास गार्ड शाळेच्या दारात उभं केलं, नऊ कृष्णवर्णीय मुलांना आत जाऊ द्यायचं नाही म्हणून. अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी काय केलं, फौज तर पाठवलीच, शिवाय तेच अर्कान्सास गार्ड केंद्रीय सेवेत घेतलं आणि हुकूम उलटा दिला. माणसं तीच, वर्दी तीच, मालक बदलला. त्या दिवशी कुणाही शहाण्या माणसाला मालक बदलला याचं समाधानच वाटलं असेल, मलाही वाटतं. पण यंत्र कोणासाठी कसं चालेल हे त्या यंत्राला माहीत नसतं.

१९८५ च्या सुमारास केंद्र गार्डच्या तुकड्यांना ट्रेनिंगसाठी होंडुरासला पाठवायला लागलं, निकाराग्वाच्या शेजारी, राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या तिथल्या धोरणावर वाद पेटलेला असताना. कॅलिफोर्निया आणि मेनच्या गव्हर्नरांनी संमती द्यायला नकार दिला. तेव्हाच्या कायद्यानं शांततेच्या काळात ट्रेनिंगला गव्हर्नरची संमती लागायची. मग १९८६ ला माँटगोमेरी दुरुस्ती आली, की जागा, उद्देश, प्रकार किंवा वेळापत्रक आवडलं नाही म्हणून गव्हर्नरला परदेशातल्या ट्रेनिंगची संमती रोखता येणार नाही. मिनेसोटाचे गव्हर्नर रुडी पर्पिच, पेशानं दाताचे डॉक्टर, कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं सरळ होतं, घटनेत लिहिलंय ना की मिलिशियाचं ट्रेनिंग राज्याकडे, मग आमच्या पोरांना मध्य अमेरिकेत ट्रेनिंगला नेताना आम्हाला विचारायचं नाही म्हणजे काय?

मला वाटतं घटनेचं कलम नुसतं वाचलं तर पर्पिच बरोबर होते. पण ११ जून १९९० ला सुप्रीम कोर्टानं एकमतानं त्यांच्या विरुद्ध निकाल दिला. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी लिहिलं त्याचा सारांश असा की गार्डवाल्याच्या कपाटात तीन टोप्या असतात, नागरिकाची, राज्याच्या मिलिशियाची आणि फौजेची, आणि एका वेळी डोक्यावर एकच असते. दुहेरी भरतीमुळे तो ट्रेनिंगला जातो तेव्हा फौजेची टोपी घालून जातो, त्यामुळे राज्याच्या ट्रेनिंगच्या अधिकाराचा प्रश्नच येत नाही. राज्याला स्वतःचं दल हवंच असेल तर ते स्वतःच्या पैशानं वेगळं ठेवायला कायदा मोकळीक देतो, हेही निकालात आहे. टेक्सस, न्यूयॉर्क, कॅलिफोर्नियात अशी दलं आहेत, लहान, मुख्यतः पूर-वादळात मदत करणारी, आणि केंद्राचा पैसा नाही म्हणून केंद्राची तपासणीही नाही.

जून २०२५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये इमिग्रेशनच्या धाडींवरून निदर्शनं झाली तेव्हा राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी गव्हर्नर न्यूसम यांचा विरोध असताना कॅलिफोर्निया गार्ड केंद्रीय सेवेत घेतलं, आधी दोन हजार आणि मग आणखी दोन हजार. न्यूसम लगेच कोर्टात गेले आणि त्यावरून पुढं लढाई जुंपली. ज्या कलमाखाली हे केलं त्याची वंशावळ डिक कायद्याच्या बोलावण्याच्या कलमापर्यंत जाते, म्हणजे २४ कवायती आणि ५ दिवसांचा कॅम्प जिथं लिहिला होता त्याच कागदापर्यंत. कोर्टात दोन्ही बाजूंचे वकील त्या कलमाचा अर्थ लावत होते, आणि राज्याच्या हातातलं मुख्य हत्यार हेच होतं की कलमातल्या अटी पूर्ण झालेल्या नाहीत, फौज आमची आहे हे नाही.